सायबाच्या मैदानावरली हरळी

तवा तिथं कोन कोन हजर व्हतं ते पयलं लिहिते, म्हंजी म्हातारी मनानंच लावून सांगती असं कोनी म्हनू नये. माझी माय सुभद्रा. माझा बाप, त्याला आमी आबा म्हनायचो. माझी चुलती काशीकाकू, लई फटकळ, पन आपल्या ताटातली अर्धी भाकर माझ्याकडं सरकवनारी. आमचा मुकादम बळीराम, लोह्याच्या अंगचा. अहमदपूरचे रशीदचाचा, मिस्त्री मानूस, जमिनीखालून पानी जायाचे पाइप टाकायचे. एक जवान इंजिनेर सायेब. एक म्हातारा गोरा सायेब, त्यानं ते मैदान कागदावर काढलं व्हतं. मी कौसा, तवा परकर-पोलकं घालायची. आन् माझा भाऊ. त्याचं नाव लिहीत न्हाई, त्याचं बारसंच झालं न्हवतं.

आमचं गाव अहमदपूर आन् लोह्याच्या मधी. त्या साली गावात काम न्हवतं आन् बळीराम मुकादम सांगत आला की समुद्राच्या कडंला मोठं मैदान हून ऱ्हायलंय, बाया बी लागतात, गवत लावायचं हलकं काम हाय. माय तवा पोटुशी व्हती. आजी म्हनली, असल्या अवस्थेत समुद्रावर कामून जाता? आबा म्हनला, हिकडं काय मखरात बसनार हाय का ती? गेलो मंग. रेल्वेनं गेलो, मंग ट्रकात उभं ऱ्हाऊन गेलो, आन् घाट उतरल्यावर हवाच बदलली. वली, चिकट हवा. अंगावरलं लुगडं दिवसभर वाळंना.

समुद्र म्या तवा पयल्यांदा पायला. लोकं म्हंतात समुद्र पाहून मन भरतं. माझं काय भरलं न्हाई. मला त्या आवाजाचं भ्याव वाटायचं. शेजारच्या शेतात मळणीचं मशीन लावलंय आन् मालक बंद करायचंच इसरला, तसा त्यो आवाज. जेवताना तोच, निजताना तोच. माय पयल्या रात्री म्हनली, "ह्याला कवा तरी थांबवतेत का न्हाई?" काशीकाकू म्हनली, "थांबव ना तू. जाऊन सांग त्याला, लोह्याच्या बाया आल्यात म्हनावं, गप बस."

सुरूच्या बनाच्या मागं आमची पालं व्हती. घरून आनलेली ज्वारी लवकर सरली. मंग मुकादम तांदूळ द्यायचा. भातानं आमचं पोट भरायचं न्हाई, भरल्यावानी वाटायचं आन् टोपलं डोक्यावर घेतलं की खाली. माय येसराची, म्हंजी भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, पुडी लुगड्याच्या गाठीत ठेवायची, त्यातलं चिमूटभर पान्यात उकळून भातावर टाकायची. तेवढ्या वासानं समदी पालं गप व्हायची. तिथल्या गावची बाई मासळी इकायला यायची, काशीकाकू तिच्याशी हातवारे करून भांडायची आन् शेवटी तिच्याकडूनच कोकमं घ्यायची. आता लातूरला माझ्या नातीच्या घरी समदं मिळतं. तरी येसराचा वास आला की मला समुद्राचा आवाज यितो. असं उलटं हाय ते.

काय करून ऱ्हायलो हे आमाला ठावं न्हवतं. मोठ्ठी वाळूची जमीन, वर-खाली, समुद्राला लागून. कुठं मशीननं सपाट करायची, कुठं टोपल्यानं वाळू आनून उंच करायची. जिथं उंच व्हतं तिथं खड्डा, जिथं खड्डा व्हता तिथं उंच. वाळूतच खड्डे करायचे आन् त्यात दुसरीकडून ट्रकनं आनलेली पांढरी वाळू भरायची, कारन तिथली वाळू काळी व्हती. काशीकाकू कमरेवर हात ठिवून म्हनली, "काय रे बळीराम, पीक कोनतं घेनार हायेत ह्यात?" रशीदचाचा पाइपातून डोस्कं काढून बोलले, "पीक नै बाई, खेल का मैदान है. बडे लोगां लकडी से गेंद मारते, फिर गेंद के पीछे चलते जाते, फिर मारते." काकू म्हनली, "आन् गेंद कुठं जातो?" "एक छोटा गढा रैता, उसमें." काकूनं त्या एवढ्या मोठ्या जमिनीकडं पायलं. म्हनली, "मंग हातानंच नेऊन टाकावा की."

चाचानं मला समजून सांगितलं व्हतं. एका बाजूनं समुद्राच्या कडंकडंनं जायाचं, अर्धा खेळ तिकडं, मंग मागं वळून आतल्या अंगानं परत यायचं. म्हंजी जाताना वारा तोंडावर आन् येताना पाठीवर. त्यो वाराच खरा खेळ, असं गोरा सायेब म्हनायचा म्हने. त्यो सायेब दुसऱ्या सायबावानी जीपमधून बोट दाखवत न्हवता. पांढरी टोपी, हातात काठी, पायानं वाळू उडवत चालायचा. मधीच पोटावर आडवा पडून जमिनीकडं बगायचा. मधीच बाटलीतलं पानी वतायचा आन् ते कुन्या अंगानं व्हातं ते पाहत बसायचा. बाया पदर तोंडात घालून हसायच्या. मशीननं केलेली कड त्याला आवडायची न्हाई. मशीन जाऊन आलं की आमाला बलवायचे, हातानं कड मोडा, गोल करा. त्याचं म्हननं, ही जागा मानसानं केली असं दिसूच नये. तसं दिसत बी न्हाई. आता फोनमधी बगितलं तर वाटतं देवानंच करून ठिवली.

मंग एक दिस ट्रकभर पोती आली. मुकादम म्हनला, सायबाचं गवत आलंय, भारी गवत हाय, लांबून आनलंय, पोती उघडून मोकळं करून ठिवा, दुपारनं लावायचं. काकूनं पोत्याची शिवन उसवली, हात घातला आन् मूठभर बाहीर काढलं. बायांनी वाकून पायलं. मंग माय म्हनली, "अगं बाई, ही तर हरळी."

आमच्याकडं हरळी म्हंजी काय ते शेतकऱ्यालाच कळतं. उन्हाळा सरस्तोवर बाया कमरंतून वाकून तिच्या काशा, जमिनीतल्या गाठीच्या मुळ्या, उकरतात. येक पेर ऱ्हायलं तरी रान परत खाती. उकरलेली हरळी रानात ठिवत न्हाईत, पाथरावर न्हाईतर रस्त्यावर नेऊन उन्हात पसरतात, वाळून काडी झाली पायजे. लगीन ठरवताना बी पाहुने इचारतात, रानात हरळी हाय का. आन् ही पोतीच्या पोती. काकू म्हनली, "सायबाला फशिवलं कुनीतरी. गवताच्या नावाखाली हरळी घातली गळ्यात." समद्या बायांना सायबाची कीव आली. बिचारा परमुलखातला, त्याला काय कळतं. मंग काय, येका घरचं काम असल्यावानी बाया उठल्या, समदी पोती खडकावर रिकामी केली, पातळ पातळ पसरली, मधी मधी हलवून उलटी बी केली. समुद्राचं ऊन लई कडक. दुपारला मुकादम आला तवा काकू त्याला कौतुकानं म्हनली, "बग, वाचिवलं तुझ्या सायबाला."

मुकादमानं डोस्क्याला हात लावला आन् खालीच बसला. "अगं रांडांनो, तेच गवत हाय! तेच लावायचं हाय!"

"हरळी लावायची?" माय म्हनली. "कामून?"

तिला ते कळलंच न्हाई. शेवटपरयंत कळलं न्हाई. त्या हप्त्याचा तांदूळ मुकादमानं बंद केला, आमी कोकमाचं पानी पिऊन काम केलं. वाळलेलीच हरळी बोट बोट अंतरावर वाळूत खोचली, वर पानी मारलं. आन् हरळीच ती, अर्ध्याच्या वर फुटली. काकू रोज सकाळी त्या कोंबाला शिव्या घालायची. "फूट, भवाने, फूट. आमच्या रानात फुटतीस तशी हितं बी फूट."

माझा भाऊ पालातच जलमला. काकूनंच समदं केलं. रंगानं आबावर गेलता, नाक मायचं. माय वल्या अंगानं लवकरच कामावर गेली, लेकराला मी सांभाळायची, सुरूच्या झाडाला झोळी बांधून. बारसं गावाकडं करू असं ठरलं व्हतं, मामाकडचं कुंची-टोपडं यायचं व्हतं. मंग एका सकाळी त्याचं अंग तापलं, दूध वढंना. आबा जीपकडं पळत गेला. जीप उभी व्हती, डायवर आत बसलेला व्हता. डायवर म्हनला, गोऱ्या सायबाला टेसनावरनं आनायला जायचंय, आल्यावर बगू. जीप गेली. माय झोळीपाशी बसून ऱ्हायली. ती काय रडत न्हवती, लेकराच्या तळपायाला बोट लावून बगत व्हती, लहान लेकरू पाय आखडून घेतं ना, तसं. दुपार व्हायच्या आत त्यानं पाय आखडनं सोडलं. जीप आली तवा मायनं तिकडं मान सुदीक वळवली न्हाई.

आमच्यात एवढ्या लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरतात. आबानं सुरूचं बन सपतं तिथली उंच टेकडी निवडली, लाटाचं पानी तिथवर यीत न्हवतं म्हनून. खाली मीठ टाकलं. वर दगड ठिवले. कोल्हं-कुत्रं उकरू नये म्हनून वर बाभळीचे काटे टाकायची रीत हाय, तिथं बाभूळ मिळंना, मंग चाचानं केवड्याची काटेरी पानं कापून आनली. त्यांचा हात रगताळला व्हता. त्यांनी आपल्या रीतीनं काहीतरी म्हनलं आन् आबाच्या खांद्यावर हात ठिवला. बाकी कोनी आलं न्हाई.

त्याच्यानंतर लाल झेंड्याच्या खुंट्या तिकडं सरकाय लागल्या. मैदानाची येक येक जागा आखत आखत ते समुद्राच्या कडंनं फुडं यायचे, मागून मशीन यायचं. माय टोपलं टाकून येताना रोज बगायची खुंटी कुठवर आली. येक दिस खुंटी टेकडीच्या पायथ्यालाच दिसली. ती मुकादमाकडं गेली. "मुकादम, तेवढी जागा सोडाया सांगा." मुकादम बिडी पेटवत म्हनला, "सुभद्राबाई, आता तुझ्यासाठी समुद्र मागं सरकवाया सांगू का सायबाला?" पालातली चार मानसं हसली. आबा खाली मान घालून चपलेचा अंगठा शिवत ऱ्हायला. मंग माय चाचाकडं गेली. चाचा म्हनले, "मेरे कू अंग्रेजी कां आती बाई? छोटे साब कू बोलतौं मैं. उनो आगे बोलिंगे."

दुसऱ्या दिसी गोरा सायेब, इंजिनेर आन् कागदवाले तिथं आले. मशीन सुरू करून उभं केलेलं व्हतं, त्याचा धूर आमच्या तोंडावर येत व्हता. मी, माय, काकू टोपली घेऊन बाजूला उभ्या. चाचा इंजिनेरपाशी जाऊन टोपी हातात धरून काहीतरी बोलले. इंजिनेरनं घड्याळात पायलं. तवर गोरा सायेब टेकडीवर चढला व्हता. बुटासकट. मायच्या तोंडातून आवाज निगाला, काकूनं तिचा दंड धरला. केवड्याची पानं वाऱ्यानं कवाच उडालती, दगड वाळूत गेलते, त्याला काय दिसनार? त्यो पोटावर आडवा पडला, येक डोळा झाकून खाली बगत ऱ्हायला. मंग खिशातून पांढरा चेंडू काढला आन् वरनं सोडला. चेंडू सरळ न जाता टेकडीला वळसा घालून गेला आन् खालच्या पांढऱ्या वाळूच्या खड्ड्यात पडला. सायेब हसला. परत चेंडू आनून परत सोडला. तसाच गेला. मंग त्यो इंजिनेरला काहीतरी म्हनला, इंजिनेरनं कागदावर गोल काढला आन् मानसानं खुंटी उपटली. मशीन बंद झालं.

चाचा आमच्याकडं आले. त्यांनी माझ्या मायकडं पायलं, मंग समुद्राकडं पायलं. म्हनले, "मान गये बाई. साब बोले, बच्चे की जगा है, हात नक्को लगाव."

मायनं सायेब जिथं उभा ऱ्हायलता तिथली वाळू कपाळाला लावली. त्या सांजला ती पयल्यांदा पोटभर जेवली.

फुडं आमची टोळी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लागली. परत आलो तर टेकडीवर हरळी. दुसऱ्या टोळीनं लावून टाकलेली, कोंब फुटून हिरवीगार. माय बगतच ऱ्हायली. तिला वाटलं, गोरा सायेब आपल्या मुलखाला गेल्यावर ह्या लोकांनी त्याचा हुकूम मोडला. दुसऱ्या सकाळपासनं ती खुरपं घेऊन, कामाच्या आदी, तिकडं जायाला लागली. येक येक काशी उकरायची, पदराच्या वट्यात भरायची आन् खडकावर नेऊन वाळत घालायची. लेकराच्या वरलं रान तिनं तळहातावानी साफ केलं. आबा म्हनला, "अगं सोड. काम जाईल."

माय म्हनली, "हरळीच्या मुळ्या किती खोल जातात ते तुमाला सांगाया पायजे का?"

आबा टोपलं घेऊन कामावर गेला. त्यानं बी उभा जलम हरळी उकरली व्हती.

टेकडीवर त्यांनी परत लावली, मायनं परत उकरली. इंजिनेरला आदी वाटलं कीड लागली, मंग वाटलं गावातल्या गाई चरतात, म्हनून राखन बसवली. राखनदारानं मायला वट्यासकट धरून आनलं. मी मागं मागं पळत गेले. इंजिनेर लाल झालता. मुकादमाला म्हनला, ही कोन बाई हाय? मायला काय भ्याव न्हवतं. तिनं वटा सोडून हरळी त्याच्या म्होरं टाकली, अशी की जनू कामाची पोच देऊन ऱ्हायली. म्हनली, "सायेब, ही जागा मोठ्या सायबानं माझ्या लेकराला दिलीय. तिच्यावर हरळी लावू नगा. बाकी समद्या मैदानावर म्या सोता लावून देते, हितं नगं."

इंजिनेर मुकादमाकडं बगून म्हनला, "काय म्हणते ही? कुठलं लेकरू?"

"तुमच्या मोठ्या सायबाला तार करा," माय म्हनली. "इचारा त्याला. चाचा हायेत ना, त्यांनीच सांगितलं. सांगा चाचा."

चाचा पाइपाच्या खड्ड्यात गुडघ्याइतके उभे व्हते. त्यांनी वर पायलं न्हाई. पान्यात हात घालून काहीतरी चाचपत ऱ्हायले. मायला वाटलं त्यांना ऐकू गेलं न्हाई, तिनं परत हाक मारली. मला तवाच काहीतरी कळलं, पन काय ते कळलं न्हाई.

त्याच दिसी आमाला काढलं. पाल मोडाया येळ दिला तेवढाच. काकू बी आमच्यासंगं निगाली, मुकादम म्हनला तू ऱ्हा, तर म्हनली, "हरळी लावून खानारी म्या न्हाई." ट्रक सुरू झाल्यावर माय उडी मारून उतरली, टेकडीवर गेली आन् खुरपं लेकराच्या उशाशी मुठीपरयंत वाळूत खोसलं. लोखंड उशाशी असलं म्हंजी लहान जीवाला भ्याव वाटत न्हाई. ते खुरपं तिच्या आईनं दिलेलं व्हतं. गावाकडं आल्यावर माय दुसऱ्याचं खुरपं मागून कामाला जायाची.

माय लई वर्सं जगली. दर साली आकितीच्या सणाला आमी मेलेल्या मानसांसाठी पान्याचा करा भरतो, निवद दाखवतो. माय सासऱ्याचा, सासूचा ठिवायची, लेकराचा येक इवलासा ठिवायची आन् म्हनायची, "देवा, त्या गोऱ्या सायबाला बी सुखी ठिव, जिता असला तरी, मेला असला तरी. मानूस देवमानूस व्हता. बाकीचेच हरामी."

माझं लगीन होऊन लेकरं झाल्यावर, अहमदपूरच्या स्टँडवर मला चाचा भेटले. दाढी पांढरी झालती, डोळ्याला कमी दिसत व्हतं, आवाजावरनं वळखलं म्या. पयलं त्यांनी इचारलं, माय हाय का? हाय, म्या म्हनलं. मंग म्हनले, "बेटी, मैं झूट बोला था. छोटे साब कू मैं बोला, लेकिन उनो बडे साब कू कुछ बोलेच नै. गोरे कू मालूमच नै वां बच्चा है." म्या इचारलं, मंग टेकडी कामून सोडली? "गेंद के वास्ते. गोरे साब कू गेंद अच्छी घूमती दिखी, रैने दो बोले. छोटे साब मेरे कू पाइप घुमा के डालने कू बोले, तब बोले ना." माझी बस लागली व्हती. म्या त्यांना केळी घेऊन दिली आन् बसमधी चढले. मायला सांगितलं न्हाई. काय सांगायचं? तिच्या जलमात येकाच मोठ्या मानसानं तिचं ऐकलं व्हतं, आन् त्यानं बी ऐकलं न्हवतं.

आता माय न्हाई. माझी नात शीतल लातूरला आसती, शाळेत शिकविती. तिनं परवा फोनमधी मला ते मैदान दाखवलं. म्या नुसतं गावाचं नाव सांगितलं व्हतं, तिनं शोधून काढलं. लई नावाजलेलं झालंय म्हने, देशादेशातून लोकं यितात. त्यात येक मानूस चालत चालत सांगत व्हता की म्हाताऱ्या सायबानं समुद्राकडनं आलेला वारा कसा धरला, उतार कसे ठिवले, आन् हा उंचवटा पहा, हा त्यानं मुद्दाम सोडला, ही त्याची सही हाय. असं म्हनून त्यो चालत वर चढला. म्या शीतलला म्हनले, थांबव तिथं, मोठं कर. तिनं बोटांनी मोठं केलं. समदी हरळी. येक बोट मोकळी जागा न्हाई.

"किती मस्त हिरवंगार हाय ना आजी," शीतल म्हनली.

"हाव," म्हनले.

तिला मंग समदं सांगितलं. ती रडली. म्या चौथी शिकलेली हाय, हळूहळू लिवता यितं, म्हनून हे माझ्या हातानं लिवलं.

वाचनाऱ्याला येकच मागनं हाय. तुमी कवा तिथं गेलात, खेळाया म्हना, न्हाईतर पाहाया, तर सुरूचं बन सपतं तिथं डाव्या अंगाला येक उंचवटा हाय. त्याच्यावर चढू नगा, बाजूनं जावा. आन् कोनी बगत नसलं तर तिथली मूठभर हरळी उपटून, लांब, खडकावर वाळत टाका.